खाडी, खडक आणि धरण: मासे गरवायला कोणतं रीळ घ्यावं?

प्रश्न असा आहे: हाताशी ७ फुटांचा स्पिनिंग रॉड आहे, त्याच्यावर '१० ते ४० ग्रॅम' (फेकता येणारं वजन) असं छापलंय. सुट्टीच्या दिवशी कधी रायगडच्या खाड्यांमध्ये, कधी किनाऱ्यावरच्या खडकांवरून आणि पावसाळा सरला की पुण्याकडच्या धरणांवर गरवायला जायचं. रिळासाठी चार-पाच हजार रुपये काढून ठेवलेत. दुकानदार बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं, फिरत्या स्पूलचं रीळ) घ्या म्हणतो, मित्र म्हणतो घ्यायचंच तर १०,००० नंबरचं घे म्हणजे मोठा मासा सुटणार नाही. घरातल्या दहा वर्षांच्या मुलीलाही सोबत न्यायचं आहे. काय घ्यावं?

आधी उत्तर, मग कारणं. पुढच्या बाजूला ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की दोरी सुटू देणारा ब्रेक) असलेलं ४००० आकाराचं स्पिनिंग रीळ घ्या आणि त्याच्यावर पीई (दोरीच्या जाडीचा नंबर) १.५ किंवा २ ची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, दोनशे मीटर भरा. बेटकास्टर तुमच्या रॉडवर नीट चालणारच नाही. १०,००० चं रीळ त्या रॉडला झेपणार नाही, तुमच्या मनगटालाही नाही. मुलीसाठी वेगळं, लहान काहीतरी बघू.

रीळ निवडताना बहुतेकांची सुरुवात माशापासून होते. 'मला तांबोशी पकडायची आहे, जिताडा पकडायचा आहे, कोणतं रीळ?' हा प्रश्न उलटा आहे. फेकायचं वजन किती, यावरून रिळाचा प्रकार ठरतो. दोरी किती जाड आणि किती लांब लागणार, यावरून आकार ठरतो. मासा येतो तो सगळ्यात शेवटी, ड्रॅग किती लावायचा हे ठरवायला. पाच किलोचा जिताडा पीई २ वर निघतो. तोच मासा जाड तंगुसावर (नायलॉनच्या एकेरी दोरीवर), चुकीच्या रिळावर, पहिल्या धावेतच कालवांच्या खडकात शिरून दोरी कापून जातो.

स्पिनिंग रीळ

यात स्पूल (ज्याच्यावर दोरी गुंडाळलेली असते तो भाग) स्थिर असतं. बेल (दोरी अडवणारी तारेची कमान) उघडली की दोरी स्पूलच्या कडेवरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी निसटत जाते, स्पूलला फिरावं लागत नाही. म्हणून ५-७ ग्रॅमचं हलकं ल्युअर (कृत्रिम आमिष) किंवा नुसती जिवंत कोळंबी लावलेली गरीही बऱ्यापैकी लांब जाते. इंग्लंडच्या इलिंगवर्थने या जातीच्या रिळाचं पेटंट १९०५ साली घेतलं, त्यालाही हलकं आमिष दूर टाकायचं होतं. शिकायला तासभर पुरतो. समोरून वारा आला तरी फारसा गोंधळ होत नाही. कोकणात दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि खडकावर उभं राहिलं की तो थेट तोंडावर येतो, त्यामुळे आपल्याकडे या गुणाला मोल आहे.

दोष एकच, पण तो लोकांना माहीत नसतो. या रिळात दोरीला पीळ बसतो. मासा ओढतोय, ड्रॅग 'कर्रर्र' वाजतोय आणि घाबरून आपण हँडल फिरवतच राहतो. अशा वेळी दोरी एक इंचही आत येत नाही, पण रोटर (बेल बसवलेला फिरता भाग) स्पूलभोवती फिरत राहतो आणि प्रत्येक फेऱ्याला दोरीला एक पीळ घालतो. ५.३ गुणोत्तराच्या (हँडलच्या एका फेऱ्यात रोटरचे ५.३ फेरे) रिळात हँडलचे वीस फेरे म्हणजे शंभराच्या वर पीळ. पुढच्या कास्टला दोरी स्पूलवरून गोळा होऊन निघते, रॉडवरच्या पहिल्या रिंगमध्ये अडकते आणि आपण दोरीच्या कंपनीला शिव्या घालतो. ड्रॅग वाजत असताना हँडल थांबवायचं. मासा थांबला की रॉड वर उचलायचा आणि रॉड खाली आणताना गुंडाळायचं. पीळ बसलाच असेल तर धावत्या होडीमागे किंवा ओहोटीच्या ओढीत गरी, शिसं, स्विव्हल सगळं काढून पन्नास-साठ मीटर मोकळी दोरी सोडून ठेवा, पीळ बराचसा सुटतो.

दुसरी सवय बेल हाताने बंद करायची. हँडल फिरवून बेल 'टक्' करून पाडता येते, पण दोन तोटे होतात. बेलची स्प्रिंग लवकर जाते. आणि कास्टनंतरचा दोरीचा सैल फेरा तसाच स्पूलवर गुंडाळला जातो. ब्रेड वापरताना ज्याला विंड नॉट म्हणतात तो गुंता बहुतेक वेळा याच सैल फेऱ्यातून होतो. बेल हाताने पाडा, दोरी बोटांत धरून एकदा ताणा, मग गुंडाळा.

नंबर म्हणजे काय

१०००, २५००, ४०००, ६००० हे आकडे कसलंही माप नाहीत, कंपन्यांनी ठरवलेले आकार आहेत. एका कंपनीचं ४००० दुसरीच्या ३००० एवढं निघतं. जपानच्या दाइवा कंपनीने एलटी मालिका आणल्यापासून तिथला ४००० साधारण त्यांच्याच जुन्या ३००० च्या अंगाचा झाला. त्यामुळे नंबरपेक्षा स्पूलवर किंवा खोक्यावर छापलेली दोरीची क्षमता वाचा.

तिथे दोन तऱ्हेने लिहिलेलं असतं, '०.३० मिमी – २०० मी' किंवा 'पीई १.५ – ३०० मी'. आपली दोरी वेगळ्या जाडीची असेल तर हिशोब सोपा आहे. पीईचा आकडा दोरीच्या छेदाच्या क्षेत्रफळाशी जोडलेला असतो, म्हणून पीई गुणिले मीटर हा गुणाकार जवळपास कायम राहतो. पीई १.५ ची ३०० मीटर मावत असेल तर पीई २ ची २२५ आणि पीई ३ ची १५०. मिलिमीटरमध्ये असेल तर जाडीचा वर्ग घ्यायचा. ०.३० चं तंगूस २०० मीटर मावतं तिथे ०.२३५ मिमीची, म्हणजे पीई २ ची ब्रेड सव्वातीनशे मीटरच्या आसपास मावेल. स्वस्त ब्रेड मात्र छापलेल्या जाडीपेक्षा हमखास जाड निघते, तेव्हा हिशोबात थोडी सूट ठेवा.

गोड्या पाण्यात छोट्या चिलापी, खवल्यांसाठी १००० ते २५००. धरणात रोहू, मरळ आणि खाडीत काळुंदर, लहान तांबोशी, लहान जिताडा यांना २५०० ते ४०००. खडकांवरून रावस, बाराकुडा, जिताडा, गोबरा म्हटलं तर ४००० ते ६०००. ८००० च्या पुढची रिळं मोठे पॉपर (पाण्यावर फुटफुटत जाणारी ल्युअर) फेकून मोठी ट्रेव्हली पकडण्यासाठी असतात, त्यांना पीई ५-६ ची दोरी आणि १०० ग्रॅमच्या पुढची ल्युअर पेलणारा रॉड लागतो. ६०० ते ९०० ग्रॅमचं ते धूड तुमच्या १०-४० ग्रॅमच्या रॉडवर लावलं तर तोल पार मागे जातो, दिवसभर कास्ट करून मनगट दुखतं आणि फायदा शून्य. मासा ओढतो तेव्हा आधी रॉड आणि दोरी जातात, रिळाचा १५-२० किलोचा ड्रॅग तुम्हाला कधी वापरायलाच मिळत नाही.

बेटकास्टर

दुकानदाराचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. बेटकास्टर हे अचूक टाकण्याचं हत्यार आहे. तिवरांच्या मुळांमध्ये, बुडक्या ओंडक्याच्या शेजारी, नेमक्या हातभर जागेत ल्युअर सोडायची असेल तर अंगठ्याने स्पूल थोपवून ती जिथल्या तिथे उतरवता येते. दोरी सरळ स्पूलवर गुंडाळली जाते, वळण घेऊन जात नाही, म्हणून जाड दोरी आणि जड ल्युअर ओढायला जोरही जास्त मिळतो. मरळीसाठी वनस्पतींच्या गालिच्यावरून बेडकाच्या आकाराची ल्युअर ओढणाऱ्यांना हेच बरं पडतं.

पण तुमच्या रॉडला ते चालणार नाही. बेटकास्टर रॉडच्या वर बसतं, स्पिनिंग खाली लटकतं. स्पिनिंग रॉडची पहिली रिंग मोठी असते, कारण दोरी वेटोळ्यांनी बाहेर पडते. बेटकास्टच्या रॉडवर रिंगा लहान आणि संख्येने जास्त असतात, शिवाय मुठीखाली बोट अडकवायला खुंटी असते. दोन्हींची अदलाबदल केली की दोरी रॉडला घासते आणि कास्ट अर्ध्यावर येते. म्हणजे बेटकास्टर घ्यायचं तर रॉडही नवा. पाच हजारांत ते दोन्ही बरे मिळणं कठीण.

आणि शिकायला वेळ जातो. यात ल्युअरच्या ओढीने स्पूल फिरतं. फेकल्याक्षणी स्पूल सुसाट सुटतं, पुढे हवेमुळे ल्युअरचा वेग कमी होतो, पण स्पूलचा तितक्या झपाट्याने होत नाही. बाहेर जाण्यापेक्षा जास्त दोरी सुटू लागली की स्पूलवर चिमणीच्या घरट्यासारखा गुंता तयार होतो. समोरच्या वाऱ्यात तर आणखी लवकर. साध्या बेटकास्टरला ७ ते १० ग्रॅमखालचं वजन परवडत नाही, स्पूल फिरवायला तेवढी ओढच मिळत नाही.

तरी घ्यायचंच असेल तर जुळवणी अशी करतात. ल्युअर बांधून रॉड आडवा धरायचा, ल्युअर टोकापासून हातभर खाली लोंबती ठेवायची. बाजूचा स्पूल टेन्शनचा लहान नॉब थोडा थोडा सैल करत जायचं, इतका की बटण दाबल्यावर ल्युअर हळूहळू खाली उतरावी आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावं. मग ब्रेक. मॅग्नेटिक असेल तर १० पैकी ७-८ वर ठेवून सुरुवात करा आणि हात बसेल तसा आकडा उतरवा. सेंट्रिफ्युगल असेल तर बाजूची झाकणी उघडून सहापैकी चार पिना चालू ठेवा. सेंट्रिफ्युगल ब्रेक स्पूल वेगात असताना, म्हणजे कास्टच्या आरंभी जास्त पकडतो. मॅग्नेटिक शेवटपर्यंत बोट लावून ठेवतो, म्हणून वाऱ्याच्या दिवशी तोच बरा. पण ब्रेक काहीही असो, ल्युअर पाण्याला टेकताना अंगठा स्पूलवर हवाच. सुरुवातीला ब्रेडऐवजी ०.३० मिमीचं तंगूस भरा. ब्रेडचा गुंता सुईने सोडवत बसण्यापेक्षा स्वस्त तंगूस कापून टाकणं सोपं.

डाव्या-उजव्या हँडलचाही विचार आधीच करावा लागतो. स्पिनिंगचं हँडल पाहिजे त्या बाजूला बसवता येतं, बेटकास्टरचं नाही. जे घेतलं तेच कायमचं.

बोटीवरची, पिठाच्या गोळ्याची आणि मुलांची रिळं

ओव्हरहेड किंवा ट्रोलिंग रीळ म्हणजे बोटीवरचं ढोलकीसारखं रीळ. सुरमईसाठी ल्युअर मागे सोडून बोट चालवणं किंवा ४०-६० मीटर खोल तळावर पाव किलोचं शिसं सोडून गोबरा काढणं, हे त्याचं काम. गुणोत्तर कमी आणि जोर जास्त. स्टार ड्रॅगमध्ये चांदणीसारखं चाक फिरवून ड्रॅग लावतात, स्वस्त आणि टिकाऊ. लिव्हर ड्रॅगमध्ये आधी काट्यावर ड्रॅग ठरवून ठेवता येतो आणि मासा लागला की दांडा त्या खुणेपर्यंत ढकलायचा, अंदाज करत बसावं लागत नाही. किनाऱ्यावरून गरवणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये.

धरणावर पिठाचा गोळा लावून कटला-रोहूची वाट बघत बसणाऱ्यांसाठी मात्र एक प्रकार खरोखर उपयोगाचा आहे, तो म्हणजे बेटरनर किंवा बेटफीडर. दिसायला स्पिनिंगच, पण मागे एक खटका असतो. खटका लावला की स्पूल जवळजवळ मोकळं फिरतं, मासा आमिष घेऊन चालू लागला तरी स्टँडवरचा रॉड पाण्यात ओढला जात नाही. हँडल फिरवलं की खटका सुटून खरा ड्रॅग लागतो. साध्या रिळावर लोक ड्रॅग सैल करून ठेवतात आणि मासा लागल्यावर घाईत तो आवळायला विसरतात, मग झटका मारूनही गरी रुतत नाही. तुम्ही धरणावर बहुतेक वेळ बसूनच गरवणार असाल तर ५०००-६००० आकाराचं बेटरनर हे पुढचं रीळ म्हणून डोक्यात ठेवा. खाडीत ल्युअर फेकायला ते जड पडतं. धरणावर जाण्याआधी तिथल्या मासेमारीचा ठेका किंवा सोसायटी कोणाची आहे ते विचारून परवानगी घ्या, आणि महासीर लागला तर पाण्यातच गरी काढून सोडून द्या.

मुलीसाठी स्पिनकास्ट, म्हणजे बंद तोंडाचं, मागे बटण असलेलं रीळ. बटण दाबून धरायचं, रॉड पुढे नेताना सोडायचं, झालं. दोरी झाकणाच्या आत असल्याने गुंता होत नाही. तलावात चिलापी पकडायला उत्तम. पण त्यात साठ-सत्तर मीटर तंगूस जेमतेम मावतं, ड्रॅग यथातथाच असतो आणि खाऱ्या पाण्याने आतून गंजलेलं बाहेरून कळत नाही. खाडीवर मुलीला न्यायचं असेल तर त्यापेक्षा १००० किंवा २००० चं स्पिनिंग आणि ५-६ फुटांचा हलका रॉड द्या, दहा वर्षांचं मूल ते सहज शिकतं. मागच्या बाजूला ड्रॅगचा नॉब असलेली रिळंही असतात. त्यांच्यात वॉशर लहान असतात, म्हणून ड्रॅग लवकर दमतो. छोट्या माशांना ठीक. फ्लाय रीळ आणि सेंटरपिन ही वेगळीच विद्या आहे, तुमच्या प्रश्नात त्यांचा संबंध येत नाही.

ड्रॅग

खोक्यावर मोठ्या अक्षरात 'मॅक्स ड्रॅग १२ किलो' लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक त्यावर भाळतं. तुमच्या रॉडवर ३ किलोच्या वर ड्रॅग क्वचित लागेल. नियम साधा आहे, दोरी ज्या ताणाला तुटते त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा. पीई २ साधारण १३-१४ किलोला तुटते असं धरलं तरी गाठीत ताकद घटते, म्हणून ३ ते साडेतीन किलोवर थांबावं. मोजायला भाजीवाल्यासारखा स्प्रिंगचा लोंबता काटा पुरतो. दोरी रिंगांमधून घालून रॉड ४५ अंशांत धरा, टोकाला काटा अडकवून दुसऱ्याला सावकाश ओढायला सांगा, आणि ड्रॅग सुटताना काटा काय दाखवतो ते वाचा.

वाचताना दोन गोष्टी बघा. ड्रॅग सुटायला किती जोर लागला आणि सुटल्यावर फिरत राहायला किती लागतोय. पहिला आकडा ३ आणि दुसरा २ असेल तर तो ड्रॅग अडखळतो आहे. मासा धावताना दोरी धक्क्याधक्क्याने सुटेल आणि एखाद्या धक्क्यात तुटेल. चांगल्या ड्रॅगमध्ये हे दोन आकडे जवळजवळ सारखे असतात. ते अवलंबून असतं वॉशरवर. कार्बन फायबरचे वॉशर उष्णता सोसतात आणि एकसारखे सुटतात. तेल लावलेले फेल्टचे वॉशरही लहान रिळात मऊ चालतात, पण लांब धावेत तापतात.

आणखी एक गोष्ट: दोरी बाहेर गेली की ड्रॅग आपोआप वाढतो. भरलेल्या स्पूलचा व्यास ५२ मिमी असेल आणि मासा इतकी दोरी घेऊन गेला की तो ३६ वर आला, तर नॉबला हात न लावता ३ किलोचा ड्रॅग सव्वाचार किलोच्या पुढे जातो. म्हणून मासा दूर गेला की नॉब आवळायचा नसतो, उलट अर्धा आटा सैल करायचा. खडकाकडे किंवा तिवरांकडे पळणारी तांबोशी मात्र पहिल्या चार-पाच सेकंदांतच थोपवावी लागते. तिथे स्पूलच्या कडेवर तळहात टेकवून वेळेपुरता ब्रेक लावतात, नॉबशी खेळत बसत नाहीत.

गुणोत्तर

५.३ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटर ५.३ वेळा फिरतो. ५२ मिमी व्यासाच्या भरलेल्या स्पूलचा घेर सोळा सेंटिमीटरच्या वर असतो, त्यामुळे एका फेऱ्यात ८६ सेंमी दोरी आत येते. ६.२ असेल तर सुमारे १०१ सेंमी. पृष्ठभागावरचा पॉपर, उथळ पाण्यात वेगाने ओढायची चमच्याच्या आकाराची ल्युअर, आणि आपल्याच दिशेने धावत येणाऱ्या माशाची सैल दोरी पटकन गोळा करणं, यासाठी वेगवान बरं. खोल जाणारी, पाण्याला अडणारी जड ल्युअर असेल तर वेगवान रीळ हाताला जड लागतं. खाडी आणि खडक दोन्ही करायचं तर ५.३ ते ६.२ मधलं कोणतंही चालेल. यावर फार डोकं शिणवू नका.

दुकानात काय बघायचं

बेअरिंगचा आकडा वाचू नका. '१२+१' मधला +१ म्हणजे हँडल मागे फिरू न देणारं एकदिशा बेअरिंग, बाकीची बारा कुठे बसवलीत हे कोणी सांगत नाही. खाऱ्या हवेत साधी पोलादी बेअरिंग सगळ्यात आधी गंजतात. चार-पाच चांगली, झाकलेली बेअरिंग तेरा साध्यांना भारी.

हँडल धरून पुढे-मागे हलवा. एकदिशा बेअरिंग ठीक असेल तर मागे जराही जाणार नाही. 'टक' करून थोडं मागे गेलं तर झटका मारताना तो धक्का गिअरवर येतो. हँडल आट्यांनी थेट गिअरमध्ये बसणारं असेल तर उत्तम. दुमडणाऱ्या, पिनेवरच्या हँडलला काही महिन्यांत खेळ येतो. रोटर जोरात फिरवून सोडा, थरथरत थांबला तर तोल बिघडलेला आहे.

सगळ्यात महत्त्वाचा भाग नखाएवढा आहे, बेलच्या टोकावरचा लाइन रोलर. खिशात ब्रेडचा हातभर तुकडा ठेवा. तो रोलरवरून घालून दोन्ही टोकं धरा आणि हलक्या ताणाने एकदा इकडे, एकदा तिकडे ओढा. रोलर दोरीसोबत फिरला पाहिजे. दोरी नुसती त्याच्यावरून घसरत असेल तर तेच रीळ नंतर ब्रेड खात राहील, रोलरवर खाच पडेल आणि मासा नेमका त्याच जागी दोरी तोडेल. स्पूलच्या कडेवरून नखही फिरवा, ओरखडा असेल तर कास्ट आखूड पडते.

अंग ग्राफाइटचं की अॅल्युमिनियमचं? या किमतीत बहुतेक ग्राफाइटच मिळेल आणि ४००० पर्यंत ते पुरेसं आहे. मोठ्या रिळात मात्र ताणाखाली ग्राफाइट वाकतं, गिअरचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि झिजतात. तिथे धातूचंच अंग घ्या.

दोरी भरणं

ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर बांधली की ताण आल्यावर सगळी दोरी गठ्ठ्याने फिरते. नॉब कितीही आवळा, ड्रॅग लागत नाही आणि लोक रीळ खराब झालं म्हणून परत आणतात. खाली तंगुसाचे आठ-दहा मीटर भरा, त्याला ब्रेड जोडा. स्पूलवर रबराची पट्टी असेल तर याची गरज नाही. ओल्या फडक्यातून ताणून भरा, सैल भरलेली ब्रेड ताणाखाली स्वतःच्याच थरांत रुतते. कडेपासून दीड-दोन मिमी खाली थांबा. काठोकाठ भरलीत तर वेटोळी एकदम सुटतात, कमी भरलीत तर दोरी कडेला घासून अंतर कमी होतं. पुढे ३० ते ४० पौंडांचं एक-दीड मीटर तंगूस किंवा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे ब्रेडच्या टोकाची जोडदोरी, म्हणून हवंच, कारण कालवं आणि गोबऱ्याचा जबडा ब्रेडला दाद देत नाहीत.

खारं पाणी

रीळ खराब होतं ते बहुतेक घरी आल्यावर. धुण्याआधी ड्रॅगचा नॉब आवळा म्हणजे वॉशरमध्ये पाणी शिरत नाही. गोड्या पाण्याची बारीक धार किंवा ओलं फडकं वापरा. जोराची धार मारली किंवा बादलीत बुडवलं तर मीठ आणि वाळू आत ढकलली जाते. पुसून सावलीत वाळवा आणि मग नॉब पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर वॉशर दबून चपटे होतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग अडखळतो. ओलं रीळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं तर दमट हवेत दोन आठवड्यांत बेअरिंग खरखरायला लागतं.

लाइन रोलर, हँडलची मूठ आणि बेलचे सांधे यांना दर दोन-तीन वेळांनी रिळाच्या तेलाचा एकेक थेंब. मुख्य गिअरला ग्रीस वर्षातून एकदा, तेही पातळ थर. एकदिशा बेअरिंगमध्ये ग्रीस अजिबात जाऊ देऊ नका, त्यातले रोलर घसरतात आणि ऐन वेळी हँडल उलटं फिरतं. गंज सोडवायचे फवारे गंज सोडवतात, पण त्यांनी असलेलं ग्रीसही धुऊन जातं. ते वंगण नव्हे. हँडल फिरवताना वाळू चावल्यासारखी खरखर आली तर ते रीळ घेऊन पुन्हा पाण्यावर जाऊ नका, आधी उघडून स्वच्छ करा किंवा करवून घ्या. तसंच ओढत राहिलात तर गिअरचे दात जातात आणि या किमतीच्या रिळाचे सुटे गिअर आपल्याकडे सहज मिळत नाहीत.

राहिला पैशांचा हिशोब. पाच हजारांतले सगळे रिळावर घालू नका. साडेतीन हजारांच्या आसपासचं रीळ, उरलेल्यातून बरी ब्रेड आणि लीडर. स्वस्त दोरीवर महाग रीळ लावलं तर कास्ट आखूड पडते आणि मासाही सुटतो. बरं रीळ आणि चांगली दोरी असेल तर तुमचा १०-४० ग्रॅमचा रॉड खाडीला, खडकाला आणि धरणाला तिन्हीकडे पुरेल. धरणावर गोळा लावून बसायचं वाढलं की दुसरा रॉड आणि बेटरनर, तिवरांत अचूक टाकायची ओढ लागली की बेटकास्टर आणि त्याचा वेगळा रॉड, या क्रमाने पुढे जा.